तिबेटी आणि चिनी विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवण्याआधी

टोरांटोत शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या विभागात भारतात जन्मलेली तिबेटी मुलं आहेत आणि चीनमधून आलेलीही. तिची दोघांशी मैत्री आहे, पण ती एकमेकांशी बोलत नाहीत. 10 मार्चला 1959च्या तिबेटी उठावाच्या स्मरणदिनाचा मोर्चा निघाला, त्यानंतर तर कॅन्टीनमधली टेबलंही वेगळी झाली. ती विचारते, ‘या दोघांना समोरासमोर बसवता येईल का? सुरुवात कुठून करू? इतिहास काढू द्यावा का? आणि जिथे सरकारंच बोलत नाहीत, तिथे आम्ही बोलून काय होणार?’

निर्वासित आणि स्थलांतरित गटांमध्ये अशा बैठका घडवून आणणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. उत्तर लांबणार, तयारीने वाचा.

बसवता येईल. पण मोठा हॉल, भिंतीवर पोस्टर, दोन्हीकडची वीस-वीस मुलं आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो असं काही डोळ्यांसमोर असेल, तर ते आजच काढून टाका. या दोन गटांच्या बाबतीत विषय काय घ्यायचा हा प्रश्न बराच नंतरचा. इथे कोणी तोंड उघडलं तर तिकडे घरी कोणाच्या दारावर थाप पडेल, हे आधी पाहायचं.

ही भीती कल्पनेतली नाही. एप्रिल 2008मध्ये, ऑलिंपिकची ज्योत जगभर फिरत असताना, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तिबेटच्या बाजूचे आणि चीनच्या बाजूचे निदर्शक आमनेसामने आले. छिंगताव शहरातून आलेली पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी मध्ये उभी राहिली आणि दोन्हीकडच्यांना बोलायला लावायचा प्रयत्न करू लागली. तिने एवढंच केलं. दुसऱ्या दिवसापासून इंटरनेटवर ‘देशद्रोही’ म्हणून तिचे फोटो फिरले, आईवडिलांचा पत्ता जाहीर झाला आणि त्यांना घर सोडून लपावं लागलं. तुमच्या टोरांटोतलंच उदाहरण हवं असेल तर 2019चं आहे. विद्यापीठाच्या स्कारबरो आवारात एक तिबेटी-कॅनेडियन मुलगी विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष म्हणून निवडून आली आणि तिच्या समाजमाध्यमांवर हजारो शिव्याशापांचा, धमक्यांचा पाऊस पडला.

संशय तर दोन्हीकडे मुरलेला. 2018मध्ये स्वीडनच्या न्यायालयाने तिबेटी निर्वासितांची माहिती चीनला पुरवल्याबद्दल एका माणसाला शिक्षा दिली. तो स्वतः तिबेटीच होता. उलट 2020मध्ये न्यूयॉर्क पोलिसांतल्या एका तिबेटी वंशाच्या अधिकाऱ्यावर असाच आरोप ठेवून अटक झाली, आणि 2023च्या सुरुवातीला सरकारी पक्षाने खटलाच मागे घेतला. तोवर त्या माणसाचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. ही दोन प्रकरणं मी मुद्दाम शेजारी ठेवते. तुमच्या गटातलं कोणी ‘तो तिकडे कळवत असेल’ असं कुजबुजलं, तर त्याची खिल्ली उडवू नका आणि त्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. बैठकच अशी आखा की कोणी कळवलंच तरी कळवण्याजोगं फार काही हाती लागू नये.

म्हणजे सहा ते आठ माणसं, जास्त नाहीत. फोटो नाही, ध्वनिमुद्रण नाही, नावांची यादी नाही. वीचॅटवर, म्हणजे चिनी सरकारची नजर असलेल्या संदेश-ॲपवर, गट काढायचा नाही, निमंत्रणही त्यावरून पाठवायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत. खोलीत ना तिबेटचा हिमसिंहाचा ध्वज, ना चीनचा पाच ताऱ्यांचा. दलाई लामांचा फोटो असलेलं तिबेटी घर बैठकीसाठी निवडू नका. तो फोटो तिबेटी मुलांच्या श्रद्धेचा भाग आहे, तो काढून ठेवा असं सांगणं म्हणजे अपमान. आणि तो मागे दिसतोय अशा जागी बसणं चिनी मुलाला महागात पडू शकतं. तटस्थ जागा शोधली की दोन्ही प्रश्न मिटतात. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बातमी द्यायचा मोह आवरा. ‘सांस्कृतिक सलोख्याचा उपक्रम’ म्हणून कौतुक करायला प्रशासन लगेच तयार होतं, पण जोखीम प्रशासनाच्या अंगावर नसते.

बैठकीआधी प्रत्येकाला एकेकट्याने भेटा. ही पायरी वगळून थेट एकत्र बसवणारे संयोजक मी खूप पाहिले, आणि त्यांची पहिली बैठक बहुधा शेवटची ठरते. या भेटीत मत विचारू नका. विचारायचं ते एवढंच: तुझ्यासाठी काय धोक्याचं आहे, कोणत्या विषयावर तुला बोलायचं नाही, कोणत्या शब्दावर तू उठून जाशील. तिबेटी मुलं भारतात जन्मली म्हणून त्यांना धोका नाही असं समजू नका. कोणाची मावशी पूर्व तिबेटातल्या खाममध्ये असते, कोणाचे आजोबा ल्हासात. परदेशी नातेवाइकांशी फोनवर बोलल्याबद्दल तिथे चौकशीला नेतात, तुरुंगातही टाकतात.

आता तुमच्याबद्दल. हे तुम्हाला आवडणार नाही, पण तुम्ही तटस्थ नाही. 2010च्या सुमारास कॅनडाने अरुणाचल प्रदेशातल्या एक हजार तिबेटींना वसवून घ्यायचं ठरवलं, ती कुटुंबं हिंदी बोलतच आली. तुमच्या तिबेटी मित्रांशी तुम्ही हिंदीतून गप्पा मारता, त्यांना आपली गाणी पाठ, त्यांच्या घरी डाळ-भात शिजतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला नॉर्ग्येलिंग वसाहत 1972पासून आहे, तेव्हा एखादा मराठी बोलणाराही भेटेल. चिनी मुलगा हे सगळं दुरून बघत असतो. त्याच्या डोक्यात 1962 आहे, 2020चं गलवान आहे, आणि भारत तिबेटचा मोहरा म्हणून वापर करतो हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं आहे. तुम्ही कितीही गोड बोललात तरी त्याच्या हिशेबात तुम्ही त्या बाजूच्या आहात.

यावर उपाय एकच, जोडीला दुसरा संयोजक घ्या. चिनी मुलांचा विश्वास असलेला, पण भारतीय नसलेला. मलेशियन किंवा सिंगापूरकर चिनी विद्यार्थी बरेचदा चालून जातो. काही जण या ठिकाणी सोलापूरच्या डॉ. कोटणिसांची गोष्ट काढतात. 1938मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, 1942मध्ये तिथेच वारले, शिच्याच्वांगमध्ये त्यांचं स्मारक आहे. एकेकट्या भेटीत चिनी मुलाशी ओळख वाढवायला ही गोष्ट चांगली, आणि खरीही. पण दोन्ही गट बसले असताना ती काढू नका. चिनी नेते भारतभेटीत कोटणीस कुटुंबीयांना भेटत आले आहेत, त्यामुळे तिबेटी कानांना ती सरकारी मैत्रीच्या भाषणासारखी ऐकू येते.

कोणाला बोलवायचं? तैवानच्या दोघांना बोलावून ‘चिनी प्रतिनिधी’ मिळाले म्हणू नका. धरमशाळेला, म्हणजे दलाई लामा राहतात तिथे, तैवानच्या बौद्धांसाठी खास प्रवचनं होतात, तिकडच्या लोकांची तिबेटींशी गाठभेट तुमच्याशिवायही पडते. हाँगकाँगची मुलं तर मोर्चात कधीकधी तिबेटींच्या शेजारीच चालत असतात. अवघड आहे ते मुख्य चीनमधल्या हान, म्हणजे तिथल्या बहुसंख्य वंशाच्या, कुटुंबातल्या साध्या मुलाला आणणं, ज्याचं राजकारणाशी देणंघेणं नाही आणि ज्याला मनापासून वाटतं की आमच्या सरकारने तिबेटला रस्ते दिले, रेल्वे दिली, मग हे लोक नाराज का? तोच हवा. तिबेटी बाजूही एकसंध नाही. दलाई लामांच्या मध्यममार्गाचे, म्हणजे चीनमध्ये राहून खरी स्वायत्तता मागणारे आहेत, तसेच ‘रांगझेन’ म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य मागणारेही आहेत. दोन्ही प्रकारचे असू द्या. त्यांचा आपसातला वाद चिनी मुलांनी ऐकला की ‘दलाई गट’ नावाचं सरकारी चित्र आपोआप फुटतं, तुम्हाला काही करावं लागत नाही.

भाषा कोणती ठेवायची तेही आधी ठरवा. कॅनडात वाढलेल्या तिबेटी मुलांचं इंग्रजी सफाईदार असतं. दोन वर्षांपूर्वी आलेला चिनी मुलगा त्या वेगापुढे गप्प होतो, आणि त्याचं गप्प बसणं उर्मटपणा समजलं जातं. प्रत्येकाला सलग तीन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही, आणि शब्द अडला तर मँडरिनमध्ये सांगायची मुभा. तिबेटमधून थेट आलेला कोणी गटात असेल तर त्याला बहुधा मँडरिन येतं. पण त्याला दुभाषी करू नका, तो स्वतः बोलायला आला आहे.

सुरुवात कुठून करायची? माझा अनुभव सांगतो, शाळेपासून. पहिला प्रश्न असा टाका: ‘घरातली भाषा आणि शाळेतली भाषा वेगळी आहे हे तुला पहिल्यांदा कधी कळलं?’

साधा दिसतो, पण हा प्रश्न बरंच काही बाहेर काढतो. चिनी मुलं एका साच्यातली नसतात. ग्वांगझूच्या मुलाची आजी कँटोनीज बोलते, वेनझोऊच्या मुलीच्या घरची बोली तर शेजारच्या प्रांतालाही कळत नाही, आणि शाळेत फक्त मँडरिन. जुलै 2010मध्ये ग्वांगझूत लोक रस्त्यावर उतरले होते, कारण दूरचित्रवाणीवरची कँटोनीज कमी करण्याचा प्रस्ताव आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छिंगहाय प्रांतातल्या रेबकोंगला तिबेटी शाळकरी मुलं रस्त्यावर आली, शिक्षणाचं माध्यम तिबेटीऐवजी चिनी करण्याच्या योजनेविरुद्ध. अंतर तीन महिन्यांचं, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांची गोष्ट बहुतेक माहीतही नसते.

मग हे साम्य एका जागी तुटतं. ते तुटू द्या, सावरायला जाऊ नका. कँटोनीज बोलणारा मँडरिन शिकला तरी लिपी तीच, आणि त्याच्या भाषेसाठी मोर्चा काढणारे बहुतेक संध्याकाळी घरी गेले. छिंगहायमधल्या युशूच्या ताशी वांगचुक या तिबेटी दुकानदाराने तिबेटी शिकवण्याची मागणी एका परदेशी वृत्तपत्राच्या चित्रफितीत केली, तर 2018मध्ये त्याला ‘फुटीरतेला चिथावणी’च्या आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी 2023मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सुमारे दहा लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांच्या व्यवस्थेत घरापासून, भाषेपासून तुटत असल्याबद्दल चिंता व्यक्त केली. ही माहिती तुम्ही सांगायची नाही. तिबेटी मुलगी सांगेल, तिच्या चुलत भावाच्या संदर्भात सांगेल. आपल्या आजीची बोली हातातून गेल्याचं नुकतंच बोललेला मुलगा ती वेगळ्या कानांनी ऐकतो.

दुसऱ्या बैठकीला प्रवासाचा विषय घ्या: कामासाठी, शिक्षणासाठी घर सोडणं. चिनी मुलांकडे हुकोऊच्या, म्हणजे कुटुंब नोंदणीच्या गोष्टी भरपूर असतात. खेड्यातली नोंद म्हणून शहरातल्या शाळेत प्रवेश न मिळालेलं भावंड जवळजवळ प्रत्येक गटात निघतं. तिबेटी बाजूची तक्रार अशी की 2006मध्ये रेल्वे आल्यापासून हान माणूस ल्हासाला सहज येतो, पण 2012पासून खाम-आम्दो या पूर्वेकडच्या भागांतल्या तिबेटीला आपल्याच पवित्र शहरात शिरायला परवाने दाखवावे लागतात. चिनी विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, आणि हुकोऊचा जाच माहीत असल्यामुळे ते चटकन समजतंही. ऑक्टोबर 2022मध्ये ल्हासात कोविडच्या टाळेबंदीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, त्यात घरी जाऊ द्या म्हणणारे हान मजूर बहुसंख्य होते. ही घटना जरूर निघू द्या. ल्हासातला हान म्हणजे फक्त सत्ताधारी, हे तिबेटी मुलांच्या मनातलं चित्रही थोडं हलायला हवं.

इतिहास टाळू नका, पण पहिल्या बैठकीत नको. आधी चार-पाच वेळा भेटून होऊ द्या. आणि तेव्हाही ‘तिबेट कधीपासून चीनचा भाग’ या प्रश्नाने सुरुवात केलीत तर दोन तास मंगोलांचा युआन राजवंश आणि तिबेट चीनचा भाग असल्याचं लिहून घेणारा 1951चा सतरा कलमी करार यातच जातील. दोन्हीकडच्यांना आपापले मुद्दे पाठ असतात. त्याऐवजी, ‘तुझ्या आजी-आजोबांनी 1959 ते 1976 या काळात काय पाहिलं?’ असं विचारा. तिबेटी मुलाकडे हिमालय ओलांडल्याची गोष्ट असेल. चिनी मुलांपैकी काहींना उत्तरच माहीत नसतं, कारण घरात कोणी बोललेलं नसतं. मग ती घरी विचारतात, आणि 1959-61चा दुष्काळ, सांस्कृतिक क्रांतीत मार खाल्लेले आजोबा बाहेर येतात. अर्थात हा प्रश्न वीचॅटवरून विचारू नकोस, पुढच्या सुट्टीत समोर बसून विचार, हे त्यांना सांगायला विसरू नका.

इथे एक खड्डा आहे. ‘आम्हीही भोगलं’ हे वाक्य सहानुभूतीचं असतं, आणि समोरच्याला गप्प करायलाही वापरता येतं. हान कुटुंबाला त्यांच्याच राज्यकर्त्यांनी छळलं. तिबेटी माणसाच्या दृष्टीने ते राज्यच बाहेरून आलं. हा फरक पुसून ‘सगळेच बळी’ असं म्हणायची घाई तुमच्यासारख्या भल्या संयोजकांनाच जास्त असते. दहाव्या पंचेन लामांनी 1962मध्ये चिनी नेतृत्वाला दिलेलं निवेदन, ज्याला सत्तर हजार अक्षरांचं म्हणतात, या ठिकाणी उपयोगी पडतं. पक्षाशी सहकार्य करणाऱ्या तिबेटी धर्मगुरूने तिबेटी भागातल्या उपासमारीबद्दल आणि उद्ध्वस्त मठांबद्दल लिहिलं, आणि त्यापायी पुढे अनेक वर्षं कैदेत काढली. त्यात हान कुटुंबांना ओळखीचा काळ आहे आणि तिबेटचं वेगळेपणही.

जुन्या तिबेटातल्या भूदासांचा मुद्दा निघेलच. चीन 2009पासून तिबेटमध्ये 28 मार्च हा ‘भूदास मुक्ती दिन’ म्हणून पाळतो, मुलं ते शिकून आलेली असतात. तिबेटी मुलांना आधीच सांगून ठेवा की नाकारायला धावू नका. जुन्या व्यवस्थेत सुधारणा हव्या होत्या हे दलाई लामांनी स्वतः वेळोवेळी म्हटलं आहे, 1960पासून निर्वासितांनी प्रतिनिधी निवडायला सुरुवात केली आणि 2011मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले. सुधारणा हवी होती म्हणून बाहेरच्या सैन्याने यावं का, हा प्रश्न मग तिबेटी मुलगाच शांतपणे विचारू शकतो. तुम्ही विचारू नका.

सगळ्यात अवघड बैठक 2008ची. या मुलांपैकी बरीच तेव्हा लहान होती, तरी दोन्ही घरांत ते साल अजून ताजं आहे. 14 मार्चला ल्हासात हान लोकांची आणि हुई मुसलमानांची दुकानं जाळली गेली. कपड्यांच्या एका दुकानात आगीत पाच तरुण विक्रेत्या मुली मेल्या, चार हान, एक तिबेटी. चिनी सरकारी वाहिनीने ते वारंवार दाखवलं. त्यानंतरच्या कारवाईत तिबेटी भागांत गोळ्या चालल्या, धरमशाळेतल्या तिबेटी निर्वासित प्रशासनाच्या म्हणण्यानुसार दोनशेहून अधिक तिबेटी मेले, ते चिनी वाहिनीवर कधीच आलं नाही. मी क्रम असा ठेवते: तिबेटी बाजूने आधी त्या पाच मुलींबद्दल बोलायचं, ‘पण’ न लावता. मग चिनी बाजूने विचारायचं, तुमच्याकडे कोण गेलं? हा क्रम तिबेटी मुलांना अन्यायाचा वाटतो, आणि त्यांची तक्रार खोटी नाही, कमकुवत बाजूलाच आधी उदार व्हायला सांगितलं जातं. म्हणून मी आधी त्यांची परवानगी घेते. नाही म्हणाले, तर ती बैठक होत नाही.

या विषयावर चिनी मुलांना सरकारबाहेरचं काही द्यायचं असेल तर ते चिनी लोकांचंच द्या. मार्च 2008मध्येच वांग लिशिओंग या बीजिंगच्या लेखकासह सुमारे तीस चिनी विचारवंतांनी सरकारला बारा सूचनांचं पत्रक काढलं. वर्षभराने बीजिंगमधल्या ‘गोंगमेंग’ या वकिलांच्या संस्थेने त्या उद्रेकाच्या सामाजिक आणि आर्थिक कारणांचा अहवाल लिहिला, आणि दोष फक्त बाहेरच्या चिथावणीवर न टाकता बेरोजगार तिबेटी तरुण आणि स्थानिक सत्ताधाऱ्यांची मक्तेदारी यांकडे बोट दाखवलं. जुलै 2009मध्ये ती संस्था बंद केली गेली. पकडलेल्या तिबेटींचं वकीलपत्र घ्यायची तयारी दाखवणारे चिनी वकीलही होते, त्यांतल्या काहींचे परवाने पुढे नूतनीकरण झाले नाहीत. तिबेटी मुलं ही माहिती पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता शेवटचा प्रश्न, उपयोग काय. 2002 ते जानेवारी 2010 या काळात दलाई लामांचे दूत आणि चिनी कम्युनिस्ट पक्षाचा संयुक्त आघाडी विभाग यांच्यात चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. 2008च्या फेरीत तिबेटी बाजूने निवेदन दिलं. त्यात चिनी राज्यघटनेच्या चौकटीत भाषा, धर्म, शिक्षण, पर्यावरण अशा अकरा विषयांत स्वायत्तता मागितली होती, आणि बाहेरून येणाऱ्या वस्तीचं नियमन हाही एक विषय होता. चीनने ते छुपं स्वातंत्र्य म्हणून फेटाळलं. हानांना हाकलायचा हेतू नाही असा खुलासा 2010च्या टिपणात करावा लागला. त्यानंतर औपचारिक फेरी झालेली नाही. 2024मध्ये निर्वासित प्रशासनाचे प्रमुख पेन्पा त्सेरिंग यांनी पडद्याआडून संपर्क असल्याचं सांगितलं, तेवढंच.

तुमच्या खोलीतल्या आठ जणांमुळे यात काहीही बदलणार नाही, आणि तसं आमिष त्यांना दाखवू नका. पण त्या नऊ फेऱ्या कोणत्या शंकेवर अडखळल्या ते पाहा: ‘तुमचं राज्य आलं तर आमचं काय?’ ही भीती सरकारची आहे तशी साध्या हान माणसाचीही आहे, आणि ती दूतांच्या टिपणाने जात नाही. मे 2010मध्ये वांग लिशिओंग यांनी ट्विटरवरून चिनी नेटकऱ्यांचे प्रश्न गोळा केले, लोकांच्या मतांवरून निवडले आणि दलाई लामांकडून उत्तरं मिळवली. तसे प्रश्न विचारायला आज मुख्य चीनमध्ये जागा उरलेली नाही. परदेशातल्या अशा खोल्या आहेत, तुमच्या विभागासारख्या.

सुरुवातीला वाईट वाटेल अशा गोष्टी होतील. कोणी दुसऱ्या बैठकीला येणार नाही, त्याला कारण विचारू नका. संयुक्त पत्रक काढूया असा उत्साह कोणाला तरी येईल, नाही म्हणा. वर्षाअखेरीस आठांपैकी दोघं स्वतःहून भेटू लागली तर गट बंद करायला हरकत नाही. पहिली बैठक मार्चमध्ये ठेवू नका, चीनचा राष्ट्रीय दिन म्हणून 1 ऑक्टोबरच्या आसपासही नको. जानेवारीच्या सत्राची सुरुवात बरी पडते. आणि त्याआधी, म्हणजे या नोव्हेंबरातच, तुमच्या ओळखीतल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला एकट्याला चहाला भेटा, आणि त्याच्यासाठी काय धोक्याचं आहे ते विचारून घ्या.